डब्यातलं लेणं भंगारात जायच्या आत

आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक घरात असा एक डबा आहे. बिस्किटांचा पत्र्याचा, नाहीतर मिठाईचा. त्यात एका कानाचं झुमकं, खडे गळालेली ठुशी, काळवंडलेली मोहनमाळ, फासा तुटलेला बाजूबंद, मोत्यांचं पाणी उडालेला तन्मणी. घालायच्या लायकीचं काही उरलेलं नाही आणि टाकवतही नाही. दिवाळीच्या आवराआवरीत डबा खाली येतो, दोन-चार गोष्टी हातात घेऊन बघितल्या जातात आणि झाकण पुन्हा बसतं. मग एखाद्या वर्षी घर बदलायचं निघतं आणि डबा जातो भंगारात.

दादरा नगर हवेलीतल्या आपल्या सिल्वासात हे आता झपाट्यानं होऊ लागलंय. कारखान्यांच्या आसपासच्या चाळी आणि बैठ्या खोल्या सोडून कुटुंबं फ्लॅटमध्ये निघाली आहेत. आमली, टोकरखाडा, समरवरणी, नरोली, जिकडे बघाल तिकडे नव्या इमारती आहेत. नव्या घराला माळा नसतो आणि ‘जुनं काही न्यायचं नाही’ हे घरात आधीच ठरलेलं असतं. भंगारवाल्याचंही चूक नाही. पितळ असेल तर तो वजनावर घेतो. पण खडे, मणी, लाख, तार, सगळ्याची सरमिसळ असलेला दागिना त्याला डोकेदुखीच. तो पक्कडीनं खडे उचकटतो, पितळ ठेवतो, बाकीचं कचऱ्यात. पांढऱ्या मिश्रधातूच्या दागिन्याला तर तेवढाही भाव येत नाही.

म्हणून विनंती एकच आहे. डबा रिकामा करायचाच आहे ना? मग तो भिंतीवर रिकामा करूया.

एखाद्या जुन्या खणाचा तुकडा, पैठणीचा फाटका पदर किंवा साधं काळं मांजरपाट फळीवर ताणून बसवायचं. त्यावर हे तुटके दागिने मांडायचे आणि शिवून पक्के करायचे. झुमक्यांचं झाड होतं. कानातल्यांच्या वेलांचा मोराचा पिसारा होतो. साखळ्यांची दमणगंगा नदी होते आणि काठावर बोरमाळेचे मणी पेरले की गावही वसतं. चौकट करून ते दारासमोरच्या भिंतीवर लावलं की आल्यागेल्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. हात लावून बघतात आणि मग विचारतात, ‘हे कुणाचं हो?’

त्या प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप.

सोन्याची काळजी घ्यायला घरात सगळे असतात. त्याची पावती असते, लॉकर असतो, वाटणीत त्याचं नाव निघतं. पण एक गोष्ट आपल्या सहसा लक्षात येत नाही. सोनं टिकतं, सोन्याचा घाट टिकत नाही. आजीची चिंचपेटी आईच्या लग्नात आटवली, आईच्या बांगड्या मुलीच्या लग्नात आटवल्या. धातू तोच फिरत राहिला आणि घडण प्रत्येक वेळी नवी आली. ज्याला आपण सगळे सरसकट ‘बेंटेक्स’ म्हणतो तो नकली दागिना मात्र कुणी आटवत नाही. त्यामुळे तीस-चाळीस वर्षांपूर्वी वज्रटीक कशी असायची, लफ्फ्याचं पदक किती रुंद असायचं, कोल्हापुरी साजातला मासा, कासव, भुंगा, कारलं कसं कोरलेलं असायचं, हे पाहायचं असेल तर आज सोनाराकडे नाही, त्या बिस्किटांच्या डब्यात पाहावं लागेल. दागिन्यांचे हे घाट साच्यांवर उठायचे. इथून फार दूर नसलेल्या डहाणूजवळच्या चिंचणीत दागिन्यांचे साचे, म्हणजे डाय, बनवण्याचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. साचा जुना झाला की मोडीत निघतो. त्यातून निघालेला दागिना तेवढा आपल्या हाती उरतो.

आणि हे दागिने घातले कुणी? सिल्वासा आजचं दिसतं ते कारखान्यांमुळे. करसवलती मिळाल्या, मसाट, पिपरिया, खडोलीकडे शेड उभ्या राहिल्या आणि महाराष्ट्र, गुजरात, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून माणसं आली. त्यांच्यात आपणही आलो. पॅकिंगला, सुताच्या कोनांवर, प्लास्टिकच्या मोल्डिंगवर बायका उभ्या राहिल्या. मशीनवर हातात-गळ्यात काही चालत नाही. गावी लग्नाला जायचं तर वापीहून गर्दीची गाडी, अंगावर सोनं घालून जायची छाती होत नव्हती, आणि खरं तर बहुतेकींकडे ते नव्हतंही. पहिल्या पगारातून, दिवाळीच्या बोनसमधून कटलरीच्या दुकानातून आणलेला सेट हाच त्यांचा दागिना. तो घालून त्या गावच्या मांडवात ताठ मानेनं वावरल्या. या शहराच्या घडणीचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर त्यात कंपन्यांची नावं येतील, करसवलतीचे कागद येतील. या बायका त्यात यायच्या असतील तर त्यांच्या वस्तू आधी आपण राखायला हव्यात.

भिंतीवर दागिना लावायचा म्हणजे काहीतरी नवीन खूळ, असं कुणी म्हणेल. तसं मुळीच नाही. आपल्या लोकांनी हे पूर्वीपासून केलंय. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं घराघरांत पोचली. पोचल्यावर काय झालं? घरातल्या बायकांनी त्या छापील देवींना सजवलं. खऱ्या कापडाची साडी चिकटवली, जरीचा काठ लावला, गळ्यात टिकल्यांच्या आणि मण्यांच्या माळा शिवल्या, मुकुटावर खडे बसवले. अशी सजवलेली चित्रं आज संग्राहक जपून ठेवतात. ती कुणी केली, त्यांतल्या बहुतेकींचं नाव मात्र मागे राहिलेलं नाही. तीच गोष्ट रुखवताची. मण्यांचे मोर, मोत्यांची तोरणं, काचेआडचे गणपती, हे सगळं घरातल्या उरल्यासुरल्यातूनच उभं राहायचं.

आणखी दक्षिणेला तंजावर. तिथे १६७६ ते १८५५ भोसल्यांचं राज्य होतं. त्या मराठी दरबाराच्या आश्रयानं, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, तंजावरची चित्रं बहरली. लाकडी फळीवर कापड, त्यावर चुन्याच्या लेपानं उठाव, त्यावर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे. खडे जडवलेलं भिंतीवरचं चित्र मराठी राजांनी मानानं मिरवलंय. आपण ते घरातल्या तुटक्या ठुशीतून करणार आहोत, एवढाच फरक.

मोडक्या वस्तूंतून मोठं काम उभं राहतं याचा सगळ्यांत भक्कम दाखला चंदीगडला आहे. तिथले रस्ते विभागातले कर्मचारी नेकचंद यांनी जंगलाच्या तुकड्यात, कुणाला न सांगता, फुटक्या बांगड्या, चिनीमातीचे तुकडे आणि टाकाऊ सामान यांतून माणसांच्या आणि प्राण्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या केल्या. १९७६ मध्ये ते रॉक गार्डन लोकांसाठी खुलं झालं आणि १९८४ मध्ये नेकचंदांना पद्मश्री मिळाली. तिथल्या बाहुल्यांची अंगं फुटक्या काचेच्या बांगड्यांनी मढवलेली आहेत. ते बघताना बांगड्यांचा ढीग आठवत नाही, नाचायला निघालेल्या बायकाच दिसतात.

आता आपल्या मातीतल्या सगळ्यांत जुन्या लेण्याबद्दल. इथे जरा थांबून बोलायला हवं.

दादरा नगर हवेली ही मुळात आदिवासींची भूमी. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी, दुबळा. २०११ च्या जनगणनेत इथली निम्म्याहून जास्त लोकसंख्या आदिवासी होती. खानवेल-दुधनीकडच्या पाड्यांवर अजून म्हाताऱ्या बायकांच्या गळ्यात बारीक रंगीत काचमण्यांच्या सरी दिसतात. नीट जवळून बघितलं तर एकाच सरीत कितीतरी हात दिसतात. मूळ दोरा वेगळा, मध्येच पुन्हा ओवलेला तुकडा वेगळ्या दोऱ्याचा, हरवलेल्या पिवळ्या मण्याच्या जागी नारिंगी, मध्ये एखादं नाणं किंवा शिंपल्याचं बटण. काचमणी आपल्या देशात उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरात आणि आंध्रातल्या पापनायडूपेटमध्ये बनतात, आणि एके काळी थेट युरोपातल्या बोहेमियातून जहाजानं यायचे. असे दूरदूरचे मणी आपल्या बाजारांतून पाड्यापाड्यांवर गेले आणि तिथल्या बायकांनी ते आपल्या रंगसंगतीत ओवले. आता त्यांच्या नातींना नवरात्रात ऑक्सिडाईज्ड सेट हवा असतो. हवासा वाटणारच, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण आजीची सर मग सुटी होते, मणी घरंगळतात, संपतात.

या आदिवासी लेण्याबाबत आपण सगळ्यांनी एक पथ्य पाळूया. जी माळ, जे कडं, जी गिलिटाची साखळी अजून अखंड आहे ती तोडून चित्र करायचं नाही. स्वस्तात मिळतेय म्हणून पाड्यावरून गोळा करत फिरायचं तर मुळीच नाही. अखंड वस्तू त्या घरातच राहावी. त्या घराला नको असेल आणि त्यांची इच्छा असेल तर संग्रहालयाला विचारावं. सिल्वासातल्या आदिवासी संग्रहालयात मुखवटे, वाद्यं, मासेमारीची साधनं आणि दागिने मांडलेले आहेत. आपल्या मुलांना एकदा तिथे न्या, घरच्या डब्यातलं तिथल्या काचेमागे काही दिसतंय का ते त्यांना शोधू द्या. भिंतीवरच्या कामासाठी घ्यायचं ते सुटलेलं, तुटलेलं, एकटं पडलेलं.

वारली चित्राचंही तसंच. कारवीच्या कुडाच्या भिंतीवर शेणाचा आणि गेरूचा हात, वर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. लग्नातला देवचौक सुवासिनी काढतात, मध्ये पालघाट देवी असते. हे पवित्र काम आहे. त्यावर चमकते खडे डकवून ‘वारली फ्यूजन’ करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तारप्याचा नाच मण्यांत मांडावासा वाटला तर एखाद्या वारली चित्रकाराला सोबत घ्या, त्याला किंवा तिला योग्य मानधन द्या आणि नाव त्यांचं आधी लिहा. वारली चित्र टिकलं कसं, तेही लक्षात ठेवूया. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात भिंतीवरची रेघ कागदावर आणली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. पण भिंती सिमेंटच्या झाल्या तरी कागदावर चित्र वाढत राहिलं. जागा बदलली म्हणून कला वाचली. आपल्या डब्यालाही आज जागाच बदलायची गरज आहे.

बरं, आता हाताला कामाला लावूया.

डबा रिकामा करून जुन्या चादरीवर सगळं पसरा. आई, सासू, आत्या, जी कुणी त्या दागिन्यांना ओळखते तिला शेजारी बसवा आणि तिला बोलू द्या. फोनवर आवाज रेकॉर्ड करा. हे काम सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत घाईचं आहे, कारण दागिना आणखी दहा वर्षं डब्यात टिकेल, पण हे ओळखणारं माणूस तेवढं थांबेलच असं नाही. ‘हे तुझ्या बारशाला घातलं होतं’, ‘हा सेट किलवणी नाक्यावरून आणला, साठ रुपयांना’, असली वाक्यं पुन्हा कुठून मिळणार?

साफसफाई जपून करा. पॉलिश असलेल्या दागिन्याला चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका, उरलंसुरलं पाणी निघून जाईल. खड्यामागे चकचकीत पन्नी असते, ती ओली झाली की खडा कायमचा काळा दिसतो. म्हणून पाणी नाहीच. कोरडा मऊ ब्रश आणि मलमलचा तुकडा पुरे. हिरवट गंज आला असेल तर काडीनं हलकेच खरवडा आणि सोडून द्या. काळवंडलेपण घालवायच्या मागे लागू नका. काळ्या-तपकिरी छटांमुळेच चित्राला खोली येते, सगळं नवंकोरं चमकलं तर ते दुकानाच्या काउंटरसारखं दिसतं.

शक्यतो चिकटवू नका, शिवा. बारीक नायलॉनचा दोरा किंवा तांब्याची केसासारखी तार घेऊन प्रत्येक दागिना दोन-तीन ठिकाणी टाचा. उद्या कुणाला तो परत सोडवून घ्यावासा वाटला तर सोडवता आला पाहिजे. सुटे खडे चिकटवावेच लागतात, त्यांना दोन नळ्यांचं अराल्डाईट वापरा. ग्लू गनचा डिंक आपल्या मे महिन्याच्या उन्हाळ्यात सुटतो. आणि पाऊस तर विसरूच नका. इथला पावसाळा भिंतींतून आत येतो. बाहेरच्या भिंतीवर चौकट लावू नका, मागे लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवून ती भिंतीपासून बोटभर पुढे राहू द्या. वर काच असेल तर काचेचा स्पर्श दागिन्याला होऊ नये.

मुलांना जरूर घ्या, पण एक काळजी घ्या. स्वस्त इमिटेशन दागिन्यांत शिसं आणि कॅडमियम असू शकतं. लहानग्यांच्या तोंडात मणी जाऊ देऊ नका, कुणीही कानशीनं घासून धूळ उडवू नका, काम झाल्यावर साबणानं हात धुवा.

आणि चौकटीच्या पाठीमागे पक्क्या शाईनं लिहा. कुणाचं, कधीचं, कुठून आणलेलं, कोणत्या प्रसंगाचं. कुणी केलं तेही लिहा. रविवर्म्याच्या लक्ष्मीला माळा शिवणाऱ्या बायकांनी हे केलं असतं तर आज आपल्याला त्यांची नावं माहीत असती.

घरापुरतं झालं. पण हे एकट्यानं करायचं काम नाही, एकत्र केलं तर त्याची मजा शतपट आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरवर्षी प्लास्टिकचे डबे वाण म्हणून वाटतो. या वर्षी उलटं करूया का? येणारीनं एक तुटका दागिना आणायचा आणि त्याची हकीकत सांगायची. रथसप्तमीपर्यंत त्या सगळ्यांचं मिळून एक मोठं चित्र. ते सोसायटीच्या जिन्यात लावा, मंडळाच्या हॉलमध्ये लावा. शाळांच्या स्नेहसंमेलनात लावणीसाठी, कोळीनृत्यासाठी घेतलेले कंबरपट्टे आणि नथी कपाटांत गंजत पडल्यात. शिक्षकांनी मनावर घेतलं तर कार्यानुभवाच्या तासाला शाळेच्या प्रवेशद्वाराची भिंत सजेल. मराठी, गुजराती, हिंदी, कुठल्याही माध्यमाची शाळा असो, मण्यांना माध्यम लागत नाही. नवरात्र संपलं की गरब्याच्या मैदानावर आणि घराघरांत नऊ रात्रींचे ऑक्सिडाईज्ड हार, पाटल्या, मोठाली कानातली विखुरलेली असतात. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळांनी एक पेटी ठेवली तर वर्षभराचा माल जमेल.

बचत गटांनाही यात वाट आहे. दुधनी आणि खानवेलला पर्यटक येतात आणि रिकाम्या हातानं जातात, किंवा कुठेही मिळणाऱ्या वस्तू घेऊन जातात. इथल्या बायकांनी केलेली छोटी चौकट त्यांना का मिळू नये? मात्र विकायच्या चौकटीत नवरात्राच्या पेटीतला माल वापरावा. आईचा तन्मणी विकायचा नसतो.

पुण्यात दिनकर केळकर नावाच्या माणसानं अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, असल्या स्वयंपाकघरातल्या आणि माजघरातल्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये ते राज्य सरकारच्या हवाली केलं. आज तिथे उभं राहिलं की जुन्या मराठी घरातली बाई दिवसभर कशाकशाला हात लावत होती ते कळतं. आपल्या सिल्वासासाठी असा एखादा केळकर जन्मायची वाट कशाला बघायची? आपण इतकी घरं आहोत. प्रत्येक घरानं एक भिंत दिली तरी गावभर संग्रहालय झालं.

आणि ते एकदा सगळ्यांसमोर मांडूया. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटलं. तो मुक्तिदिन आपण झेंडावंदनानं साजरा करतो. त्याच दिवशी एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये या चौकटींचं प्रदर्शन भरवता येईल. वारली आजीची तुटलेली सर, खानदेशातून आलेल्या मावशीची पोत, बिहारी वहिनींचा टिकुलीचा डबा, गुजराती बेनच्या मोत्यांच्या तोरणाचे अवशेष, सगळं एका भिंतीवर. या गावात कोण कोण राहतं हे त्या दिवशी एका नजरेत दिसेल.

त्यासाठी प्रशासनाची परवानगी लागत नाही, निधी लागत नाही. खणाचा तुकडा, सुई, दोरा आणि तीन-चार जणी एवढं पुरतं. येत्या रविवारी डबा खाली काढा. शेजारच्या घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईला चहाला बोलवा, तिला तिचाही डबा घेऊन यायला सांगा, आणि पहिला दागिना हातात घेऊन विचारा, ‘हे कधीचं?’